शौचालयाची गळकी टाकी

नळातून ठिबकणारे पाणी चटकन लक्षात येते. कारण ते दिसते आणि ऐकूही येते. शौचालयाच्या टाकीतून गळणाऱ्या पाण्याचे तसे नाही. भांड्याच्या मागील बाजूने ते पातळ पापुद्र्यासारखे उतरते आणि निमूटपणे गटारात निघून जाते. दिवसाच्या गलबल्यात त्याची सळसळ कानी पडत नाही. रात्री पडली, तरी 'सकाळी पाहू' म्हणून कूस बदलली जाते. गच्चीवरील टाकी पहाटेच रिकामी का होते, याचा शोध मात्र भलतीकडेच चालू राहतो.

हा अपव्यय मोजणे अवघड नाही. दहा मिनिटांत एक लिटर, ही धार बारीकच म्हणावयाची. पण दिवसाच्या 1440 मिनिटांत तिचे 144 लिटर होतात. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी भारतात पाणीपुरवठ्याचा जो मानदंड सर्वसाधारणपणे धरला जातो, तो माणशी रोज 135 लिटरांचा आहे. म्हणजे एक गळकी टाकी घरात एका अदृश्य माणसाची भर घालते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरविणारे तलाव आटले. ज्या देशाने हे पाहिले, तेथे या अदृश्य माणसाची दखल घ्यावयास हवी.

पूर्वी घराघरांतून छताजवळ बसविलेली, साखळी ओढावयाची बिडाची टाकी असे. तिच्यात पाणी उलट्या वाकड्या नळीतून आधी वर चढे आणि मग खाली कोसळे. टाकीच्या तळाशी झडप नसल्यामुळे साखळी ओढल्यावाचून पाण्याला सहसा वाट मिळत नसे. ब्रिटनमध्ये तर 2001 पर्यंत नव्या टाक्यांना अशीच रचना लागे. आजच्या टाकीत तळाशी झडप असते व ती रबरी चकतीने बंद होते. 1980 साली ऑस्ट्रेलियात ब्रूस थॉम्पसन यांनी विकसित केलेली दोन बटणांची टाकीही याच वर्गातील. कमी गरजेला कमी पाणी सोडून ती पाण्याची बचत करते खरी. परंतु ती सारी बचत त्या चकतीच्या हवाली असते. चकती झिजली, कडक झाली किंवा तिच्याखाली क्षाराचा कण अडकला, की गळती सुरू झालीच.

दुरुस्तीपूर्वी निदान करावे. टाकीत कपड्यांची थोडी नीळ घालावी आणि अर्धा तास कोणी बटण दाबू नये. भांड्यात निळी छटा उतरली, तर टाकी गळते हे निश्चित. त्यानंतर टाकीकडे येणारा कॉक बंद करून आतील पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी. अर्ध्या तासाने पातळी खाली गेली असेल, तर दोष तळाच्या चकतीत आहे. पातळी जागच्या जागी राहिली, तर पाणी जादा भरून उतू जाण्याच्या नळीतून वाहत होते, म्हणजेच दोष तरंगत्या फुग्याच्या झडपेत आहे, असे समजावे.

दोष चकतीचा असेल, तर कॉक बंद ठेवूनच बटण दाबावे व टाकी रिकामी करावी. मधला प्लॅस्टिकचा भाग बहुधा हाताने थोडा फिरवताच सुटतो. जोर लावू नये. त्याच्या बुडाची रबरी चकती काढून धुवावी आणि ती ज्या कडेवर टेकते ती कडही बोटाने चाचपून स्वच्छ पुसावी. विंधनविहिरीच्या पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. चकती झिजलेली असल्यास नवी आणावी; मात्र जुनी दुकानात नमुन्यादाखल न्यावी, कारण एका बनावटीची चकती दुसरीला बसेलच असे नाही.

फुग्याच्या झडपेचा उपाय याहून सोपा. पाण्याची पातळी उतू जाण्याच्या नळीच्या तोंडापेक्षा सुमारे एक इंच खाली असावी. पितळी दांडा असेल, तर तो हलकेच खाली वाकवावा. प्लॅस्टिकची झडप असेल, तर पातळी ठरविणारा स्क्रू फिरवावा. फुगा हलविताना आत पाणी डुचमळले, तर त्याला भोक पडले आहे असे समजून तो बदलावा. टाकीलाच तडा गेला असेल किंवा भांड्याच्या बुडाशी फरशी ओली राहत असेल, तर मात्र प्लंबरलाच बोलवावे.

या कामास हात न लागण्याचे खरे कारण अज्ञान नव्हे, तर शौचालयाविषयीची किळस होय. वास्तविक टाकीतील पाणी घरातील नळांप्रमाणेच वरच्या साठ्यातून येते. मैल्याशी त्याचा संबंध टाकी सोडल्यावरच येतो. या किळसेचा भार आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही विशिष्ट माणसांच्या डोक्यावर दिला. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतः सफाईचे काम करून आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सुधारलेल्या संडासांचे प्रयोग करून तो भार उतरविण्याचा यत्न केला. त्यांच्या कामापुढे टाकीचे झाकण उचलणे ही क्षुल्लक गोष्ट आहे. त्यासाठी एक पेन्सिल, चिमूटभर नीळ आणि रविवारच्या सकाळचा तासभर एवढे पुरे.