व्हिस्कीला बेदाण्याची गोडी आणि धुराचा वास येतो तरी कुठून?

२०२३ मध्ये 'व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड' या स्पर्धेत हरियाणाच्या 'इंद्री' या सिंगल माल्टच्या दिवाळी एडिशनला सगळ्यात वरचा 'बेस्ट इन शो' किताब मिळाला आणि व्हॉट्सअपवर फॉरवर्डचा पाऊस पडला. ही व्हिस्की दोन गोष्टींसाठी ओळखली जाते. एक म्हणजे धुराचा वास आणि दुसरी शेरीच्या पिंपातून येणारी सुक्या मेव्याची गोडी.

पण बाटलीत ना कोणी बेदाणा टाकतं, ना धूर सोडतं. मग हे येतं कुठून? सातारा-सांगलीकरांना हे लवकर समजेल, कारण यातलं निम्मं गणित आपल्याच शिवारात आहे.

आधी बेदाणा बघू.

तासगाव भागात द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सुकवतात. दक्षिण स्पेनमध्ये पेद्रो हिमेनेझ जातीची द्राक्षं थेट उन्हात सुकवतात आणि त्यापासून काळपट, पाकासारखी गोड शेरी वाईन बनवतात. ही शेरी ओकच्या पिंपात ठेवली की लाकडात मुरते. नंतर तेच पिंप रिकामं करून त्यात व्हिस्की भरतात. भट्टीतून निघालेलं स्पिरिट पाण्यासारखं पांढरं असतं. रंग, बेदाणा-खजुराची चव आणि मसाल्याचा वास त्याला लाकडातून मिळतो.

आता धूर.

गुऱ्हाळावर चुलवाणाशेजारी तासभर बसून घरी आलं की कपड्यांना वास येतो ना, तसंच हे आहे. सिंगल माल्टसाठी बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग सुकवतात. सुकवताना खाली पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर जाळला, तर धुरातले फिनॉल दाण्याला चिकटतात. आंबवणं आणि ऊर्ध्वपातन झाल्यावरही त्यातले बरेच टिकून राहतात.

मग आपल्याकडची मळी कुठे येते?

खरा मुद्दा इथे आहे. उसापासून साखर काढली की मळी उरते आणि तिच्यापासून स्पिरिट बनतं. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त दारूचा पाया हेच स्पिरिट आहे. युरोपियन युनियनच्या नियमानुसार मात्र व्हिस्की धान्याचीच हवी आणि किमान ३ वर्षं लाकडी पिंपात मुरलेली हवी. मळीपासूनची दारू तिथे रमच्या घरातली. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की. लेबलवर 'माल्ट' शब्द दिसला म्हणून ती सिंगल माल्ट होत नाही.

किंमत जास्त का? एक कारण ऊन. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते, तर 'अमृत' बनते त्या बेंगळुरूत १० टक्क्यांच्या आसपास. म्हणून इथली व्हिस्की लवकर मुरते, पण हातात कमी उरते.

चव ओळखायची कशी?

ग्लास तोंडाला निमुळता घ्यायचा. नाक आत खुपसायचं नाही, अंतर ठेवून वास घ्यायचा. आधी धूर येतो, तो जरा सरला की बेदाणा. छोटा घोट जिभेवर फिरवायचा, मग दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा. २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून सांगितलं की पाणी घातल्यावर धुरकट वासाचं ग्वायाकॉल हे द्रव्य पृष्ठभागाकडे जास्त येतं. म्हणजे थेंबभर पाण्याने चव खुलते, यात तथ्य आहे. कोला ओतला तर मात्र पिंप, पीट सगळं वाया.

आणि हे विसरू नका.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षं आहे आणि परवानाही लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. महागडी सिंगल माल्टही त्याला अपवाद नाही. चव कळायला एक घोट पुरतो. आणि घोटही नको असेल तर काही बिघडत नाही. निदान पुढचा फॉरवर्ड आला की बाटलीत काय आहे, हे तुम्हाला सांगता येईल.