कंचेभागुबेव कुठवर पुरतं?

शाळेत पाठ केलेलं ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) प्रोग्रामिंगमध्येही जसंच्या तसं चालतं, हा नवशिक्यांचा पहिला गैरसमज. पायथन असो वा बॅश, गुणाकार-भागाकार एका पायरीवर असतात आणि बेरीज-वजाबाकी त्याखालच्या एका पायरीवर. एकाच पायरीवरची चिन्हं डावीकडून सोडवली जातात. म्हणून १० - ४ + ३ चं उत्तर ९ येतं, ३ नव्हे. बॅशमध्ये तर हे फार जपावं लागतं, कारण तिथलं गणित पूर्णांकांचं. ७ * १० / ४ चे १७ होतात, पण १० / ४ * ७ लिहिलंत तर १४. टक्केवारी काढताना आधी शंभराने गुणा, मग भागा.

‘डावीकडून’ हाही सरसकट नियम नाही. घाताचं चिन्ह उजवीकडून जुळतं. २ ** ३ ** २ म्हणजे २ चा नववा घात, ५१२. ६४ नव्हे.

सगळ्यांत घातक समज मात्र हा, की प्राधान्यक्रम गणितानेच ठरवून दिलाय आणि तो सगळ्या भाषांत सारखाच असतो. -२ ** २ चं पायथनमध्ये -४ होतं: आधी वर्ग, मग ऋण. बॅशमध्ये ऋण चिन्ह आधी लागतं, उत्तर ४. जावास्क्रिप्ट ही ओळ स्वीकारतच नाही. मला तिचाच निर्णय सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण कंस घालून नेमकं काय हवंय ते तुम्हालाच सांगावं लागतं.

६ & ४ == ४ या ओळीचंही तसंच (यातलं पहिलं चिन्ह म्हणजे बिटांवरचं ‘आणि’): पायथनमध्ये ती खरी ठरते; बॅशमध्ये उत्तर ० येतं, कारण तिथे आधी तुलना होते. यामागे इतिहास आहे. सी भाषेच्या आधीच्या ‘बी’मध्ये अटीतल्या ‘आणि’चं कामही & हेच चिन्ह करायचं, म्हणून त्याची जागा तुलनेच्या खाली होती. पुढे सीमध्ये त्या कामासाठी && आलं, तरी & खालीच राहिलं. सीचे जनक डेनिस रिची यांनी ही उणीव स्वतःच मान्य केली आहे. बॅश आणि जावास्क्रिप्टकडे ती वारशाने आली. पायथनने ती सुधारली.

आणखी एक. प्राधान्य जास्त म्हणजे ते काम आधी सुरू होतं, असं नाही. बेरजेच्या डावीकडे एक फंक्शन आणि उजवीकडे दोन फंक्शनांचा गुणाकार असेल, तरी पायथन डावीकडचं फंक्शनच आधी चालवतो. कुठली किंमत कुठल्या चिन्हाशी जोडायची, एवढंच प्राधान्य ठरवतं. ही फंक्शनं फाइल वाचत असतील किंवा पडद्यावर काही छापत असतील, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. गुणाकाराला कंस घातले तरी हा क्रम बदलत नाही. तो बदलायचा तर फंक्शनं वेगवेगळ्या ओळींत चालवावी लागतात.