दिवेलागणीचे दोन उंबरठे
(घरच्या घरी मायक्रोकंट्रोलर : भाग ४)

मागच्या आठवड्यात आर्डुइनो उनोवर एलईडी लुकलुकला. आज त्याला संध्याकाळ ओळखायला शिकवायचं आहे.

त्यासाठी लागतो एलडीआर. मसूरडाळीएवढी चकती, तिच्यावर कॅडमियम सल्फाइडची नागमोडी रेघ. उजेड वाढला की तिचा रोध घटतो, अंधारात तो लाखो ओहमवर जातो. पण उनोला रोध थेट मोजता येत नाही, त्याला कळतो व्होल्टेज. म्हणून एलडीआरचं एक टोक ५ व्होल्टला आणि दुसरं 'ए-०' या पिनला जोडा. त्याच पिनपासून १० किलोओहमचा साधा रोधक ग्राउंडला न्या. आता ५ व्होल्टची वाटणी दोघांत रोधाच्या प्रमाणात होते आणि साध्या रोधकाच्या वाट्याला आलेला भाग उनो ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो. एलडीआरही १० किलोओहमवर असेल तर आकडा येतो ५१२ च्या आसपास. तो ४० किलोओहमवर गेला की साध्या रोधकाच्या वाट्याला उरतो १ व्होल्ट आणि आकडा येतो साधारण २०५.

मी हे सगळं गॅलरीत मांडून बसलो. दिवस मावळला तसे आकडे उतरू लागले. प्रोग्राममध्ये एवढंच लिहिलं होतं : आकडा ३०० च्या खाली गेला तर एलईडी लाव, नाहीतर विझव. ३०० जवळ आले आणि एलईडी थरथरू लागला. स्क्रीनवर ३०१, २९८, ३०२, २९९. पान हललं तरी आकडा हलत होता. एलईडी ते सोसतो, पण त्याच्या जागी रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका, असता तर टकटक करत त्याचे संपर्क झिजले असते.

अंधार एका क्षणात पडत नाही, म्हणून एक उंबरठा पुरत नाही. दोन ठेवा : ३०० च्या खाली दिवा लागेल, ४५० च्या वर विझेल आणि मधल्या पट्ट्यात काहीच करायचं नाही, जे चालू आहे ते चालू द्यायचं. याला हिस्टेरिसिस म्हणतात. फ्रिजचा थर्मोस्टॅटही याच तत्त्वावर चालतो. प्रोग्राममध्ये दोन वेगळे 'इफ' लिहा आणि 'एल्स' टाळा. नवशिक्याचा हात सवयीने 'एल्स'कडे जातो आणि तेवढ्याने थरथर परत येते.

एवढं करूनही वीज चमकली किंवा समोरून स्कूटर वळली की आकडा एकदम ४५० पार जातो. म्हणून तो सलग दहा सेकंद उंबरठ्यापलीकडे राहिला, तरच निर्णय बदला. आणि एलडीआरचं तोंड आकाशाकडे ठेवा, दिव्याकडे मुळीच नको. स्वतःचाच उजेड दिसला तर दिवा लागला की दहा सेकंदांनी विझेल, विझला की दहा सेकंदांनी लागेल, आणि रात्रभर तेच चालेल. ही चूक प्रोग्राममध्ये शोधत बसू नका, ती जागेची असते.

रिले पुढच्या भागात. तोवर घरातल्या २३० व्होल्टच्या तारांना हात लावायचा नाही, एलईडीवरच काम करा. माझे ३०० आणि ४५० तुमच्या गच्चीवर चालतीलच असं नाही. तीन संध्याकाळी दर पाच मिनिटांनी आकडे वहीत टिपा. त्यातली एक तरी संध्याकाळ ढगाळ असू द्या.