बैलगाडा शर्यत आणि पैज

रिहे ज्या मुळशी तालुक्यात आहे तेथील, तसेच मावळ, खेड, आंबेगाव व जुन्नर येथील यात्रांत बैलगाडा शर्यतीला मोठा मान असतो. घाटाच्या चढावर गाडा किती सेकंदांत वर येतो, यावर निकाल ठरतो. एका धावेला ‘बारी’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती थांबविल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर, १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने त्या पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. तथापि हा वाद प्राण्यांच्या छळाचा होता. काठावरच्या पैजेचा नव्हे.

पैजेचा प्रश्न निराळा आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने ‘जुगार’ या संज्ञेत पैज लावणे समाविष्ट केले, आणि विहित अटींवर घोड्यांच्या व कुत्र्यांच्या शर्यतींना त्यातून वगळले. बैलांचा उल्लेख त्या अपवादात नाही. केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे कलम १३ म्हणते. परंतु कौशल्य कोणाचे? तामिळनाडूच्या कायद्यांसंबंधी १९९६ मध्ये दिलेल्या निर्णयात, घोड्यांची शर्यत मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. मग बैलांची वंशावळ व मागील बाऱ्यांचे सेकंद पाठ असणारा शेतकरी पुण्याच्या रेसकोर्सवरील जाणकाराहून कोणत्या अर्थाने अडाणी ठरतो? तर्कदृष्ट्या हा भेद लंगडा आहे. कायद्याच्या शब्दांत मात्र तो पक्का आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये बोलिंगच्या खेळावर रात्र-रात्र मोठे डाव लागत. तेथे खेळाडू आपले खरे कसब दडवून प्रतिपक्षास रक्कम वाढविण्यास प्रवृत्त करी. बैलाला असे सोंग शिकविता येत नाही. त्याला हाकणाऱ्या माणसांविषयी तीच खात्री देणे कठीण.

हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर काय, हा याहून बिकट मुद्दा. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार शून्य ठरविते; त्याच्या वसुलीचा दावा चालत नाही. मुंबई इलाख्यापुरता १८६५ चा कायदा याहून पुढे गेला व पैजेस साहाय्य म्हणून जाणूनबुजून दिलेले कर्जही त्याने अग्राह्य ठरविले. त्यामुळे अशी देणी न्यायालयाबाहेर, दिलेल्या शब्दावर, आणि शब्द मोडल्यास धाकावर वसूल होऊ लागली, तर ते नवल नव्हे.