चिठ्ठीवरचे ‘एएस’ म्हणजे काय?

चिंचणीच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत भातकापणीचा विळा कुणाला नव्याने दाखवायला नको. इंग्रजीत विळ्याला म्हणतात ‘सिकल’. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, म्हणून आजाराचे नाव सिकलसेल. पालघरच्या आदिवासी समाजात तो आढळतो. नाव समजते, घोटाळा होतो तो तपासणीच्या चिठ्ठीवर.

पहिली सोल्युबिलिटी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, तर रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे, एवढेच कळते. माणूस वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी सांगते. ‘एएस’ म्हणजे वाहक: दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला. त्याला सहसा त्रास होत नाही आणि वय वाढले म्हणून तो रुग्ण बनत नाही. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. सांधे-हाडांच्या असह्य वेदना, रक्त कमी होणे, कावीळ. त्याला नियमित उपचार हवेतच.

मग वाहकाने चिठ्ठी जपायची कशाला? लग्नासाठी. दोघेही वाहक असतील तर मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, तीही प्रत्येक गरोदरपणात. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे चालत नाही. जोडीदार ‘एए’, म्हणजे निर्दोष असेल, तर मूल फार तर वाहक होईल. तेव्हा मुलीच्या चिठ्ठीवर ‘एएस’ दिसताच स्थळ मोडणाऱ्यांनी आधी मुलाची तपासणी झाली आहे का, ते विचारावे.