स्वयंशिक्षित चित्रकार एडवर्ड लिअर : निरीक्षणाची साधना आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

कलाशाळेत न शिकलेल्या कलावंतास ‘स्वयंशिक्षित’ म्हटले जाते; परंतु तो कशापासून व कोणाकडून शिकला, हा प्रश्न त्या संज्ञेमागे झाकला जातो. इंग्लिश चित्रकार एडवर्ड लिअर (१८१२-१८८८) हे वाचकांना प्रामुख्याने विनोदी निरर्थ पद्यांचे कर्ते म्हणून परिचित आहेत. त्यांचा चरितार्थ मात्र चित्रकलेवर चालला. त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे उपरोक्त प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पक्षिचित्रणाचा काळ

लंडननजीक हॉलोवे येथे जन्मलेले लिअर एकवीस भावंडांपैकी विसावे होते. वडिलांची आर्थिक स्थिती खालावल्यावर त्यांचा सांभाळ थोरली बहीण अ‍ॅन हिने केला व चित्रकलेचे प्राथमिक धडेही तिनेच दिले. १८३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपटांचे चित्रण आरंभिले. त्या काळी पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्रे काढण्याची रीत होती. लिअर यांनी शक्य तेथे जिवंत पक्षी समोर ठेवला. त्याची मापे घेतली, त्याची बसण्याची ढब टिपली. शिलामुद्रणासाठी दगडावरील रेखाटनही ते स्वतःच करीत. १८३२ पर्यंत ४२ चित्रे सिद्ध झाली. प्रती केवळ १७५ काढावयाच्या असल्याने दगडांवरील रेखाटने नंतर पुसून टाकली गेली.

या निरीक्षणाचे शास्त्रीय मोल पुढे प्रत्ययास आले. त्यांनी चित्रित केलेला एक निळा मकाव पोपट स्वतंत्र जातीचा असल्याचे ध्यानात आल्यावर १८५६ मध्ये बोनापार्त यांनी त्या जातीस लिअर यांचे नाव दिले. तिचे नैसर्गिक वसतिस्थान ब्राझीलमध्ये १९७८ साली आढळले.

उणिवेची जाणीव

पक्षिचित्रणातील सूक्ष्म कामाचा डोळ्यांवर ताण पडू लागला. १८३७ मध्ये लिअर रोमला गेले आणि निसर्गदृश्यांकडे वळले. १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरिया हिला चित्रकलेचे धडे देण्याचा मान त्यांना लाभला. त्याच वर्षी त्यांचे निरर्थ पद्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील मनुष्याकृती शरीररचनेचे नियम झुगारतात आणि त्यामुळेच जिवंत वाटतात. तथापि मनुष्याकृतीच्या शास्त्रशुद्ध रेखाटनातील आपली उणीव लिअर यांना सलत होती. म्हणून राणीच्या या शिक्षकाने १८५० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. १८५२ मध्ये तैलरंगाचे तंत्र आत्मसात करण्यासाठी त्यांनी आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या होल्मन हंट यांचे मार्गदर्शन स्वीकारले.

भारतभेट

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या निमंत्रणावरून लिअर नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईस उतरले. १८७५ च्या प्रारंभापर्यंत त्यांनी देशभर प्रवास केला. त्यात पुण्यातील मुक्कामाचाही समावेश होता. जागेवर शिसपेन्सिलीने रेखाटन करावयाचे, रंगांच्या नोंदी, स्थळ व वेळ चित्रावरच लिहावयाची आणि शाई व जलरंग मागाहून भरावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. दार्जिलिंगहून दिसणाऱ्या कांचनगंगेचे १८७७ मधील तैलचित्र अशाच रेखाटनांवर आधारलेले आहे.

समारोप

टेनिसन यांच्या काव्यावर आधारित सुमारे दोनशे चित्रांचा लिअर यांचा संकल्प अखेरपर्यंत अपुराच राहिला. १८८८ मध्ये इटलीतील सान रेमो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीवरून असे दिसते की, स्वयंशिक्षण म्हणजे गुरूचा अभाव नव्हे. बहीण, जिवंत पक्षी आणि वयाने लहान असलेला सहकारी या सर्वांकडून ते शिकले. प्रत्यक्ष निरीक्षणाने त्यांना अचूकता दिली. परंतु उणीव कोठे आहे हे ओळखल्यावर त्यांनी संस्थेचे दार ठोठावण्यास संकोच केला नाही. प्रौढ वयात शिकू इच्छिणाऱ्यासाठी असे दार उघडे ठेवणे, ही शिक्षणसंस्थांचीही जबाबदारी ठरते.