सस्पेन्शनमधील रबर बुश: मऊ की कडक?
मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीचा पुढचा लोअर आर्म पाहा. गाडीच्या सांगाड्याकडील बाजूला त्याला दोन बुश असतात. बुश म्हणजे दोन पोलादी नळ्या आणि त्यांच्यामध्ये पक्के चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली. त्यामुळे आर्म वरखाली होताना काही घासत नाही. फक्त रबर पिळले जाते.

चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले की ते किंचित मागे सरकावे, म्हणजे धक्का सौम्य होतो. त्यासाठी रबर मऊ हवे. वळणावर मात्र टायरवर आडवे बल येते. तिथे रबर दबले तर चाकाची दिशा बदलते आणि गाडी स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद देते. म्हणून एल-आकाराच्या आर्ममध्ये बहुधा कामाची वाटणी असते. चाकाच्या अक्षाजवळचा बुश कडक असतो, तो आडवे बल पेलतो. चाक मागे ढकलले गेले की आर्म याच बुशभोवती किंचित फिरतो आणि दुसरा, मऊ बुश दबतो. त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवतात, त्यामुळे दिशेनुसार कडकपणा बदलतो.

सगळीकडे पॉलियुरेथेनचे कडक बुश बसवले तर वळणे नेमकी घेता येतात, पण रस्त्याची गुणगुण थेट केबिनमध्ये येते. रोजच्या गाडीत मला तरी हा सौदा पटत नाही.

प्रॅक्टिकलला एक चूक हमखास होते: गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळणे. गाडी खाली आली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटचा टॉर्क गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच द्या.